आखाडा आणि खाडा

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही दोघं काशीला गेलो होतो. मुक्काम अस्सी घाटाजवळ. पहाटे पाचला जाग आली म्हणून मी एकटाच पायऱ्या-पायऱ्यांनी चालत तुळशी घाटापर्यंत गेलो, तर वरच्या अंगाला आखाडा. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ लंगोट लावून मुद्गलांची जोडी फिरवत होते. दुसऱ्या दिवशी गेलो, तर तेच गृहस्थ आणि तीच जोडी. तिसऱ्या दिवशीही तेच. माझं म्हणाल तर वय 47, काम खुर्चीवरचं. दर 1 जानेवारीला चालायला लागतो आणि संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत चालणंही संपतं. जिमचे वर्षभराचे पैसे भरून 11 दिवस गेलो. मला कुतूहल एवढंच, की त्या माणसाकडे ही शिस्त येते कुठून? ती मुळातच अंगात असते, की कमावता येते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्याच नजरेतून सुटली आहे. ते गृहस्थ तीन दिवस पहाटे एकाच जागी हजर होते, याचं तुम्हाला नवल वाटलं. पण ते पाहायला तुम्हीही तीन दिवस पहाटे त्याच जागी हजर होतात. गजर लावला होतात का? संकल्प सोडला होतात का? पत्रात तसं काही दिसत नाही. जागा दोन पावलांवर होती, बघायची ओढ होती आणि तिथं रोज काहीतरी घडतंय हे ठाऊक होतं, म्हणून गेलात. त्या गृहस्थांचं गुपितही याच तीन गोष्टींच्या आसपास आहे. फक्त त्यांची तीन दिवसांची सहल पन्नासएक वर्षं चालली असेल.

तुम्ही पाहिलात तो बहुधा आखाडा स्वामीनाथ. लोक त्याला तुलसी आखाडा म्हणतात. घाटावरच तुलसीदासांचं राहतं ठिकाण दाखवतात, आणि काशीत हनुमानाची देवळं व त्यांच्या सावलीला आखाडे ही जोडी त्यांनीच लावून दिली असं तिथले लोक मानतात. आपल्याकडे गावोगावच्या मारुतीशी आणि तालमींशी रामदासांचं नाव जसं जोडलेलं असतं, तसंच हे. इतिहासाच्या कसोटीवर दोन्हीकडच्या किती गोष्टी टिकतील हा वेगळा प्रश्न; पण चारशे वर्षांपूर्वीच्या कवीचं नाव घेऊन माणूस माती खणायला उतरतो, एवढं मात्र डोळ्यांना दिसतं.

खणायला, हो. आखाड्यात गेलं की आधी व्यायाम नसतो, आधी फावडं असतं. रात्रभर बसलेली माती उकरायची, ढेकळं फोडायची, सारखी करायची. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत लाल मातीत ताक, तेल, हळद घालतात, तसंच तिकडेही मातीला खाऊपिऊ घालतात. मग माती कपाळाला लावायची, मारुतीला हात जोडायचे आणि मग दंड-बैठका. जोसेफ ऑल्टर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं बनारसच्या राम सिंह आखाड्यात मुक्काम ठोकून कुस्तीगीरांच्या जगण्याचा अभ्यास केला; त्याचं पुस्तक 1992 साली निघालं. माती खणणं हाच तिथं एक व्यायाम कसा असतो, हे त्यानं बारकाईनं टिपलं आहे. मला त्यात आणखी एक सोय दिसते. पहाटे साडेचारला डोळे चोळत आलेल्या माणसाला कोणी ‘शंभर दंड मार’ म्हणत नाही. ‘जरा फावडं घे’ म्हणतं. फावडं हातात घ्यायला इच्छाशक्ती लागत नाही. आणि दहा मिनिटं फावडं चाललं की अंगाला घाम सुटलेला असतो, परत फिरायची वेळ टळून गेलेली असते.

तुमच्या जिममध्ये फावडं नव्हतं. होता तो आरसा. त्यात तुम्ही आणि तुमचं पोट, समोरासमोर. अकरा दिवस टिकलात हेच कौतुक.

आता ‘शिस्त’ या शब्दाकडे येतो, कारण घोटाळा तिथंच आहे. बनारस हे शिस्तीचं शहर आहे असं कोणी म्हटलं तर बनारसी माणूस पान थुंकून हसेल. त्या शहराची ख्याती मौजेची, मस्तीची, निवांतपणाची. नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक 1988 साली आलं. 1880 पासूनच्या शंभर वर्षांत तिथले विणकर, तांबट, खेळणी करणारे आपला रिकामा वेळ कसा घालवत, याचा तो धांडोळा आहे. त्यात ‘बहरी अलंग’ नावाचा प्रकार येतो. शहराबाहेर, बऱ्याचदा गंगेच्या पलीकडच्या तीरावर जायचं. तिथंच प्रातर्विधी, तेल लावून अंग रगडणं, कपडे धुणं, पोहणं, भांग घोटणं आणि व्यायाम. म्हणजे व्यायाम हे कर्तव्याचं कलम नव्हतं, सहलीचं एक अंग होतं. आखाड्यात जाणं हा त्या लोकांच्या लेखी ‘शौक’. कुणाला गाण्याचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला जोडीचा. आपण बाहेरून पाहतो आणि त्याला शिस्त असं नाव देतो. त्या सत्तरीच्या गृहस्थांना तुम्ही विचारलं असतंत, ‘रोज कंटाळा येत नाही का?’, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. चहा पिणाऱ्याला कोणी असं विचारतं का?

मराठीत या बाबतीत एक गंमत आहे. ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आलेला, आणि जुन्या वापरात त्याचा अर्थ बंदुकीचा नेम. शिस्त धरून गोळी मारायची. त्या ‘नेम’ शब्दाचेही दोन अर्थ. एक निशाण्याचा आणि दुसरा नित्यनेमाचा. दोन्ही शब्द दोन वेगळ्या भाषांतून आले आणि मराठीत एकाच निशाण्यावर बसले. पण आपण वापरतो कसे पाहा. शिस्त ‘लावावी’ लागते, बहुतेक वेळा दुसऱ्याला. मुलांना, शाळेला, पोलिसांना. नेम आपण स्वतः ‘धरतो’. आजीचा नेम असतो. आजीला शिस्त आहे असं आपण म्हणत नाही. तुम्ही दर जानेवारीत स्वतःला शिस्त लावायला जाता, म्हणजे एका अंगानं हवालदार होता आणि दुसऱ्या अंगानं आरोपी. असला संसार पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. तुम्हाला हवा आहे तो नेम.

नेमाची रचना आपल्या घरांतून होतीच. चातुर्मासात कोणी एकभुक्त राहायचं, कोणी रोज देवाला लक्ष दुर्वांपैकी ठरावीक दुर्वा वाहायचं, कोणी मौनानं जेवायचं. त्याला मुदत असे, आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी. शेवटी उद्यापन असे. ‘आता जन्मभर’ असं कोणी म्हणत नसे. आणि नेम अगदी लहान असे, इतका लहान की घरातल्या कामाच्या रगाड्यातही तो बसावा. शिवाय साऱ्या घराला तो ठाऊक असे, त्यामुळे आठवण करायला दहा तोंडं. धार्मिक भाग ज्याला नको त्यानं तो सोडून द्यावा. पण मुदत, आकार आणि साक्षीदार या तीन गोष्टी ज्या कुणी बसवल्या, त्यांना माणसाची चांगली पारख होती.

आता याला प्रयोगशाळेतून काही आधार मिळतो का? मिळतो. 2002 साली ब्रिटनमधल्या 248 विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या आठवड्यात निदान एकदा 20 मिनिटं दमदार व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट. एका गटाला नुसतं सांगितलं, दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांबद्दलची माहिती देऊन प्रोत्साहन दिलं. तिसऱ्या गटाला ती माहिती दिलीच, आणि वर एक वाक्य लिहून घेतलं : कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं करणार. पहिल्या गटातल्या 38 टक्क्यांनी व्यायाम केला, प्रोत्साहनवाल्यांपैकी 35 टक्क्यांनी. तिसऱ्या गटातल्या 91 टक्क्यांनी. भाषणांचा उपयोग किती हे एकदा कळलं की मुख्याध्यापकांपासून पंतप्रधानांपर्यंत बऱ्याच लोकांचा वेळ वाचेल. मी स्वतः हे सदर लिहून तेच करतो आहे, याची जाणीव आहे. असो. दिवस, वेळ, जागा. आखाड्यात या तीनही गोष्टी तुमच्यासाठी आधीच ठरलेल्या असतात. तुमच्याकडे निर्णय असा काही उरतच नाही.

एका माणसाबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तो तुम्ही पाहिलेल्या आखाड्याच्या अगदी अंगणातला. वीरभद्र मिश्र (1938–2013). संकटमोचन मंदिराचे महंत, तुळशी घाटावर राहणारे. आणि त्याच वेळी काशी हिंदू विश्वविद्यालयात जलविज्ञानाचे, हायड्रॉलिक्सचे, प्राध्यापक. रोज पहाटे गंगेत बुडी मारण्याचा त्यांचा नेम. आणि त्या पाण्यात मैल्याचे जिवाणू किती आहेत हे मोजण्याचं कामही त्यांचंच. 1982 साली त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं, घाटावर प्रयोगशाळा उभी केली, सरकारी योजनांवर आकडे ठेवून टीका केली. 1999 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं पृथ्वीसाठी झटणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. सकाळी ज्या पाण्यात उभं राहायचं, दुपारी त्याच पाण्याचा अहवाल वाचायचा. नेम सोडला असता तर कोणी दोष दिला नसता. आकडे मोजायचे थांबवले असते तर नेम पाळणं सोपं झालं असतं. त्यांनी दोन्ही चालू ठेवलं. मला वाटतं, नेम धरून राहणं आणि डोळे मिटून घेणं यांत फरक असतो, तो इतका उघडपणे दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. (तुम्ही मात्र त्यांच्या नेमाचं अनुकरण करू नका. गंगेत बुडी मारायची तर प्रयोगशाळेचा फलक वाचून मग ठरवा.)

अस्सी घाटावर 2014च्या नोव्हेंबरपासून ‘सुबह-ए-बनारस’ नावाचा कार्यक्रम रोज पहाटे होतो. आरती, राग-संगीत, मग सामूहिक योग. तुम्ही उतरला होतात तिथून जवळच. तो चांगला आहे, पण तुम्हाला खेचून नेलं ते जोडी फिरवणाऱ्या म्हाताऱ्यानं. याचं कारण तुम्हीच शोधा. मला वाटतं ते असं, की कार्यक्रम आपल्यासाठी चालू असतो आणि ते गृहस्थ आपल्यासाठी काहीच करत नव्हते.

आता तुमचं काय. तुम्ही सांगलीचे. कवठेपिरानच्या पहिलवान मारुती माने यांच्या जिल्ह्यात राहून व्यायामाला जागा नाही असं म्हणण्याची सोय तुम्हाला नाही. गल्लीत नाही तर पलीकडच्या पेठेत एखादी तालीम असेलच. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुस्ती खेळा असं मी म्हणत नाही. रक्तदाब, साखर एकदा तपासून घ्या आणि कृष्णेच्या घाटापर्यंत चाला. पण एकट्यानं नको. तुमच्याआधी रोज चालणारं एखादं टोळकं शोधा, बँकेतून निवृत्त झालेल्यांचं असलं तरी चालेल. त्यांच्यात सामील व्हा. ते तुमची वाट पाहतील. आणि आला नाहीत तर दुसऱ्या दिवशी टोमणे मारतील. पहिले दोन आठवडे घाटापर्यंत जाऊन फक्त कट्ट्यावर बसून परत आलात तरी हरकत नाही. तेच तुमचं फावडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवू नका. सध्या त्याची गरज नाही.

आणि मुदत ठेवा. कार्तिकीपर्यंत म्हणा. मग उद्यापन करा, घरी पुरणपोळी करून. पुढच्या आषाढीला परत धरायचा की नाही हे तेव्हा ठरवा. माझा अंदाज, मध्ये सुटणारच नाही.

प्रश्न : कोणतीही सवय 21 दिवसांत लागते असं सगळीकडे वाचायला मिळतं. माझी 20व्या दिवशी चुकली, तेव्हा परत एकपासून मोजायला सुरुवात केली. असं चौथ्यांदा झालं. काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मोजणं थांबवावं. हा 21चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून पसरला. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला निदान 21 दिवस जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ वाटेत गळलं, नाक गळलं, आणि 21 उरला. आपल्याकडे तर हा आकडा आयताच पचला. दुर्वा 21, मोदक 21, मग सवय का नाही?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक लहानशी रोजची सवय निवडायला लावली आणि 84 दिवस नोंदी घेतल्या. जेवताना पाणी पिणं, न्याहारीनंतर थोडं चालणं असल्या सवयी. कृती आपोआप घडू लागायला मध्यावर पडणारा आकडा आला 66 दिवस. पण पसारा 18 पासून 254 पर्यंत. (यातला 254 गणितानं पुढे ताणून काढलेला, प्रयोगच 84 दिवसांचा होता.) व्यायामाच्या सवयींना खाण्या-पिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. तुमच्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय बसण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

आपल्या घरांत यासाठी नेमका शब्द आहे, ‘खाडा’. दूधवाला आला नाही, कामवाल्या मावशी आल्या नाहीत, की कॅलेंडरवर त्या तारखेला फुली पडते. महिनाअखेर खाडे मोजून तेवढे पैसे वळते करतात. पण दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून आपण दूध प्यायचं सोडतो का? किंवा महिना परत एक तारखेपासून मोजतो का? तुमच्या 20व्या दिवसाला तुम्ही खाडा म्हणा, फुली मारा आणि दुसऱ्या दिवशी 21वा दिवस मोजा, मोजायचाच असेल तर. सलग दोन खाडे पडू देऊ नयेत, एवढा कडकपणा पुरे. वस्तादसुद्धा तालमीत खाडा पडला की दुसऱ्या दिवशी चार बैठका जास्त घेतात आणि विषय संपवतात. पोराला परत पहिलीत बसवत नाहीत.

प्रश्न : काशीच्या आखाड्यांची वर्णनं वाचते त्यात सगळे पुरुषच. तिथं बायकांना आणि मराठी माणसांना काही जागा होती का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन प्रश्न एका लखोट्यात घातलेत, पण योगायोगानं त्यांचं उत्तर एकाच गल्लीत सापडतं. तुळशी घाटाच्या शेजारी भदैनी. तिथं मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका जन्मली, सर्वसाधारणपणे मानलेलं साल 1828. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या पदरी काशीत होते. पुढं ते बिठूरला बाजीरावांकडे गेले आणि ही मुलगी तिथं घोडा, तलवार आणि मल्लखांब शिकत वाढली. पुढची झाशीची राणी. भदैनीत तिचं स्मारक आहे. आखाड्यापासून चालत काही मिनिटांवर.

मल्लखांबाची गोष्टही त्याच पेशव्यांच्या वाड्यातली. निजामाकडून आलेले अली आणि गुलाब हे मल्ल पुण्यात कुणालाच जुमानेनात, तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या पोरानं आव्हान घेतलं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन तयारी केली आणि अलीला आस्मान दाखवलं, अशी कथा आहे. वानरांच्या हालचाली पाहून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या म्हणतात. कथेत मारुतीही येतो; तो यायचाच. 1818 नंतर बाजीराव बिठूरला गेले आणि मल्लखांब उत्तरेत पोचला. बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ती विद्या काशीत नेली असं परंपरा सांगते. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा या बाजूला मराठी घरांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होतीच. बनारसच्या ‘मुक्की’ म्हणजे ठोशांच्या झुंजींच्या इतिहासातही नारायणगुरू देवधर हे मराठी नाव येतं. शिष्यांचे हात कमवायला ते विटा-दगडांवर ठोसे मारायला लावत म्हणे. सध्याच्या जिमच्या माहितीपत्रकात हे बसायचं नाही.

पण तुमचा मूळ प्रश्न खरा आहे. राणीचं नाव सगळे घेतात, आणि तिच्या जन्मघराशेजारच्या मातीत मुलींना उतरायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं. 2017च्या सुमारास तुलसी आखाड्यात मुलींची कुस्ती सुरू झाली, तीही वाद होऊन. सध्याचे महंत विश्वंभरनाथ मिश्र, वडिलांसारखेच प्राध्यापक, त्यांनी दार उघडलं. महाराष्ट्रात हे आधी झालं, पण तेही खांबापेक्षा दोरीच्या मल्लखांबावरून. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात (स्थापना 1925) मुली दोरीवर चढताना तुम्ही ठाण्याहून एका लोकलच्या अंतरावर कधीही पाहू शकता. तिथले उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. शिस्तीचा विषय चालला आहे म्हणून सांगतो, सात-आठ वर्षांची मुलगी दोरी पायाच्या अंगठ्यात पकडायला शिकते, तेव्हा तिची पकड रोज सुटते. रोज. आणि खाली उभी असलेली ताई ‘परत’ एवढंच म्हणते. तो स्वर ऐकून या. मी त्यात रागही ऐकला नाही, कौतुकही नाही.

प्रश्न : बनारसला ‘ज़ोर करना’ म्हणजे काय? आपले जोर तेच का? आणि तिथली जोडी विकत आणून घरी फिरवावी का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : शब्द एक, माल वेगळा. आपण जोर-बैठका म्हणतो त्यातला जोर म्हणजे त्यांचा दंड. त्यांचा ‘ज़ोर’ म्हणजे आखाड्यात जोडीदाराशी केलेला कुस्तीचा सराव. तेव्हा बनारसच्या पहिलवानाला उत्साहानं ‘मी रोज पन्नास जोर काढतो’ असं सांगू नका. तो तुम्हाला मातीत बोलावेल.

जोडी म्हणजे लाकडी मुद्गलांची जोडी. बनारसची जोडी उंच आणि जड असते, काही जोड्यांना तर बाहेरून खिळे मारलेले असतात, म्हणजे पाठीमागून फिरवताना चूक झाली की कातडीच सांगते. नागपंचमीला तिथं जोडी आणि गदेचे सामने होतात, ते पाहण्यासारखे असतात. पण पाहण्यासारखे. घरी सुरुवात करायची तर दोन-अडीच किलोचा एकच मुद्गल घ्या, आधी दोन हातांनी, समोरून खांद्यावरून पाठीमागे आणि परत. खांदा पूर्वी कधी निखळला असेल किंवा हात वर नेताना दुखत असेल तर मुद्गल राहू द्या, भिंतीला हात टेकून जोर काढा. घरातल्या छताचा पंखा आणि ट्यूबलाइट यांची उंची आधी पाहा. हे मी अनुभवानं सांगतो. आणि बनारसहून जोडी आणायचा हट्टच असेल तर वरचा बर्थ घेऊ नका. ती खालच्या सीटखालीही आडवीच मावते, आणि जळगावपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायात येते.